चार अंगठे, एक बदाम

वहिनींचा फोन भरला नसता, तर अण्णांचं चष्म्याचं दुकान त्या रविवारी गेलंच असतं.

फोन अगदी गळ्यापर्यंत भरला होता. शाळेत शिकवणाऱ्या बाईच्या फोनमध्ये काय काय साठतं ते तिचं तिलाच ठाऊक. वर्गाचा ग्रुप, पालकांचा ग्रुप, शिक्षकांना वगळून पालकांनी केलेला आणि चुकून वहिनींनाही आत घेतलेला ग्रुप. सकाळी नऊ वाजता त्या यंत्राने 'जागा शिल्लक नाही' म्हणून हात टेकले. वहिनी चहाचा कप घेऊन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसल्या आणि एकेक ग्रुप उपसायला लागल्या. 'घरची मंडळी' त्यांनी शेवटी उघडला. तिथे टाकून देण्यासारखं पुष्कळ असायचं. जावईबापू रोज पहाटे एक फूल पाठवत, त्याला सगळे अंगठा देत, की झालं त्या दिवसापुरतं नातं निभावून.

फुलं पुसता पुसता त्या मंगळवारपाशी आल्या आणि त्यांचा चहा तसाच राहिला.

"अहो," त्यांनी न्हाणीघराच्या दारावर थाप मारली. "बाहेर या."

"दाढी करतोय."

"अर्धी राहू दे. दुकान जातंय आपलं."

दादा बाहेर आला. एका गालावर फेस, दुसरा गाल स्वच्छ. दादा मुळातच कमी बोलणारा. पंचवीस वर्षं तो दुकानाच्या मागच्या खोलीत काचा घासून फ्रेममध्ये बसवत आला होता, आणि गिऱ्हाइकाला त्याचं तोंड क्वचितच दिसायचं. तो काही विचारणार नाही हे वहिनींना माहीत होतं, म्हणून त्यांनी वाचायलाच सुरुवात केली. पहिलं वाक्य वर्गात धडा वाचावा तसं खणखणीत होतं. पुढे आवाज खाली खाली गेला.

"'सर्वांस. बरेच दिवस विचार करून लिहीत आहे. दुकानाला पन्नास वर्षं होत आली. दिवसाकाठी चार माणसं येतात, त्यातली दोन पत्ता विचारायला. चौकातल्या मोठ्या चष्मेवाल्यांनी आपली जागा मागितली आहे. रविवारी चार वाजता ते सही घ्यायला येतील. तुमच्यापैकी एकाचीही हरकत असेल तर मी देणार नाही. एकाचीही. तुमची आई बसायची ती खुर्ची मी ठेवून घेणार आहे. बाकी कोणाला काय हवं ते सांगा. अण्णा.'"

दादाच्या गालावरून फेसाचा गोळा शर्टावर पडला.

"आज चार वाजता?"

"आज."

"खाली कोणी काय लिहिलंय?"

"लिहिलं नाही कोणीच. चार अंगठे आणि एक बदाम. पहिला अंगठा तुमचा, अकरा वाजून सात मिनिटांनी. दुसरा माझा. मग वन्सं, मग जावई." वहिनींनी फोन टेबलावर पालथा घातला. "बदाम छकुलीचा."

छकुली दारात उभी राहून दात घासत होती. वय वर्षं वीस, पण घरात अजून छकुलीच.

"आजोबांचा मेसेज होता ना," ती म्हणाली. "मी आजोबांना नेहमी बदाम देते."

"वाचून?"

छकुली गप्प झाली. तिचं गप्प होणं या घरात ग्रहणाइतकं दुर्मीळ होतं.

"आणि तुम्ही हो?" वहिनी नवऱ्याकडे वळल्या. "तुम्ही तर तिथेच होतात. पार्टिशनच्या पलीकडे. दहा फुटांवर!"

"अण्णा काही बोललेच नाहीत."

"ते कधी बोलतात? आणि तुम्ही तरी कधी बोलता?"

ते खरं होतं. आई होती तेव्हा काऊंटर आणि मागची खोली यांच्या मधल्या खुर्चीत ती बसायची आणि बापलेकाचं इकडचं तिकडे करायची. "ते म्हणतायत काच उद्यापर्यंत हवी." "तो म्हणतोय परवा." त्यात ती स्वतःच्या पदरचं दोन चमचे गोड घालायची आणि दोघांचं चाललेलं असायचं. आईला जाऊन चौदा महिने झाले. खुर्ची रिकामी राहिली आणि तिच्या जागी फोन आला. 'काच तयार का?' 'हो.' 'दांडी सैल आहे.' 'बघतो.' दहा फुटांवर बसून एकमेकांना निरोप धाडणारी दोन मोठी माणसं. कोणी पाहिलं असतं तर हसलं असतं, पण पाहायला तिसरं माणूस तिथे उरलं नव्हतं.

वहिनींनी फोन पुन्हा उचलला आणि नणंदेला लावला. लिहिलं नाही, लावला.

पलीकडून बेबीचा आवाज आला तो घाबराच. "काय झालं? अण्णा?"

हल्ली घरातून कोणाचा फोन आला, म्हणजे कोणीतरी गेलं, अशीच सगळ्यांची समजूत झाली होती.

"अण्णा बरे आहेत, वन्सं. दुकान जातंय. मंगळवारचा त्यांचा मेसेज वाचलात का?"

"वाचला... म्हणजे, लांबलचक होता. माझं डोकं दुखत होतं. पाहिला."

"अंगठा दिलात."

"सगळ्यांनी दिला होता, वहिनी."

"हो. सगळ्यांनी सगळ्यांचं पाहून दिला. आता निघा आणि चारच्या आत पोचा."

 बेबीने विचारलं, "दादा असेल तिथे?"

"असणारच," वहिनी म्हणाल्या. "आणि तुम्हीही असाल. चौदा महिने पुष्कळ झाले."

०

अण्णांनी सकाळपासून तपासणीच्या काचांची पेटी तीनदा पुसली होती. दुकानाच्या वरच्याच दोन खोल्यांत ते राहायचे, त्यामुळे रविवार असो की सोमवार, आठ वाजता पायऱ्या उतरून खाली येणं चुकत नसे. पेटीत मखमलीच्या खाचांमध्ये अडीचशे काचा ओळीने उभ्या होत्या. त्या नव्या मालकाला नकोच होत्या. त्यांच्याकडे यंत्र होतं. माणसाने पडद्यासमोर हनुवटी टेकवायची, यंत्र फोटो काढतं, माप देतं, पुढचा.

मंगळवारचा तो मजकूर लिहायला त्यांना पाऊण तास लागला होता. एका बोटाने, अक्षर अक्षर शोधत. पाठवला आणि पार्टिशनकडे कान लावून ते बसून राहिले. आत काच घासायचं यंत्र घरघरत होतं. ते थांबलं. अण्णांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून पुन्हा घातला. आता तो उठेल, बाहेर येईल, म्हणेल, अण्णा हे काय भलतंच! पाच-सहा सेकंद गेले असतील. मग यंत्र पुन्हा सुरू झालं आणि हातातल्या फोनवर पहिला अंगठा उगवला. त्यानंतर तीन मिनिटांत बाकीचे.

त्यांना राग आला नाही. राग आला असता तर बरं झालं असतं. त्यांना फक्त वाटलं, आपण इतकी वर्षं उगाच सगळ्यांच्या वाटेत खुर्ची टाकून बसलो होतो.

शटर वर गेलं. दादा आत आला, मागून वहिनी आणि छकुली. दादाचा एक गाल गुळगुळीत होता आणि एकावर दोन दिवसांची दाढी.

"हे काय सोंग?" अण्णा म्हणाले.

दादाने तोंड उघडलं.  त्याचा हात सवयीने खिशाकडे, फोनकडे गेला. वहिनींनी ते मनगट वरच्यावर पकडलं.

"लिहू नका. बोला."

"अण्णा," दादा म्हणाला, "मी वाचलं नव्हतं."

"मग अंगठा कशाचा दिलास?"

"हात ओले होते. फोन वाजला, तुमचं नाव दिसलं. वाटलं नेहमीचंच काहीतरी असेल. दिला."

"म्हणजे उद्या मी 'आज मेलो' असं लिहिलं असतं, तरी तू..."

"अण्णा!" वहिनी ओरडल्या.

"नाही, विचारून ठेवतो आपला. मला माहीत असायला हवं."

छकुली पुढे आली. "आजोबा, मीही नाही वाचलं. मी खोटं नाही बोलणार."

"तू बदाम दिलास," अण्णा म्हणाले. "तुझा मला राग नाही. पण एक सांग, माणूस इतकं लिहितो तेव्हा त्याला बदाम हवा असतो का गं?"

छकुलीचे डोळे भरले. ती आजोबांच्या शेजारी जाऊन स्टुलावर बसली आणि त्यांचा हात तिने दोन्ही हातांत धरून ठेवला. अण्णा जरा ओशाळले, पण हात सोडवून घेतला नाही.

वहिनींना मात्र आता आणखी एक सांगायचं होतं. त्या दोघांमध्ये उभ्या होत्या, नेमक्या सासूबाईंच्या खुर्चीपाशी, आणि कोणाची बाजू घ्यायची हे त्यांचं ठरत नव्हतं. शेवटी त्यांनी कोणाचीच घेतली नाही.

"आमचं चुकलं," त्या म्हणाल्या. "अगदी शंभर टक्के. पण अण्णा, तुम्ही तरी दहा फुटांवरून लिहिलंत कशाला? उठून आत जायचं होतं. मुलाला विचारायचं होतं."

अण्णा पेटीचं झाकण लावत होते. ते नीट लागत नव्हतं.

"तोंडावर विचारलं असतं," ते सावकाश म्हणाले, "आणि तो म्हणाला असता, द्या विकून. तर मला ते ऐकावं लागलं असतं. लिहिलेलं कसं, नजर फिरवली की झालं."

दादाने पहिल्यांदाच मान वर केली. बाप आपल्यासारखाच घाबरट आहे हे पन्नाशीच्या उंबरठ्यावर त्याला कळत होतं, आणि त्याला विलक्षण बरं वाटलं.

"मी तसं म्हणालो नसतो," तो म्हणाला.

"मग काय म्हणाला असतास?"

दादाने काऊंटरवरचं फडकं उचलून एक फ्रेम पुसायला घेतली.

"बघ," अण्णा म्हणाले. "हीच अडचण आहे. मी अठ्ठ्याहत्तरचा. फार तर दोन वर्षं इथे बसेन. मग समोर कोण बसणार? काचा तुझ्यासारख्या कोणी घासत नाही, हे मी दहा जणांना सांगतो. पण या धंद्यात माणसाच्या समोर बसावं लागतं बाबा. तू पार्टिशनच्या बाहेर येत नाहीस. तुझी हरकत मला नको, मला समोर बसणारा हवाय. तो नसेल तर ते चार वाजता येतायत ते बरोबरच येतायत."

भिंतीवरचं घड्याळ साडेदहा दाखवत होतं.

०

बेबी दीडच्या सुमाराला पोचली. घरातली धाकटी, म्हणून सेहेचाळिसाव्या वर्षीही बेबी. बाहेर मात्र तिला बघून लोक सावरून उभे राहत, कारण ती जमीन मोजायच्या खात्यात होती आणि दोन शेजाऱ्यांच्या भांडणात कुंपण कुठे घालायचं ते तिच्या दुर्बिणीवर ठरायचं.

दुकानात शिरताना तिला पायरीचा अंदाज आला नाही. ठेचकाळली.

"पंधरा वर्षं तू या पायरीवरून उड्या मारल्यास," अण्णा म्हणाले, आणि मग त्यांचं लक्ष तिच्या चेहऱ्याकडे गेलं. "हा चष्मा कुठला?"

बेबीने नजर चुकवली. "मागवला."

"कुठून?"

"फोनवरून. फोन समोर धरायचा, तो चेहरा बघतो, माप घेतो. तीन दिवसांत घरपोच."

 हलवायाच्या मुलीने परगावच्या दुकानातून साखर मागवावी तसा हा प्रकार होता.

"आण इकडे," अण्णा म्हणाले.

त्यांनी चष्मा दिव्याखाली धरला, मागेपुढे केला, बारीक पेनाने दोन्ही काचांवर एकेक ठिपका दिला आणि पट्टी लावली. "अडुसष्ट मिलिमीटर. तुझ्या बाहुल्यांमधलं अंतर एवढं नाहीच. डोकं कधीपासून दुखतंय?"

"वर्ष झालं."

"वर्षभर दुखतंय आणि तुला कळलं नाही? बाप चष्मेवाला, भाऊ चष्मेवाला! लोकांची जमीन बोटाबोटाने मोजतेस आणि स्वतःच्या नाकावर हे!"

"मला वाटलं कामाचा ताण असेल. वाचायला घेतलं की सुरू होतं. म्हणून तर तुमचा मेसेज..." ती थांबली. "दोन ओळी वाचल्या आणि सोडला."

"मग इथे का नाही आलीस?"

बेबीने भावाकडे पाहिलं नाही, पण सगळ्यांना कळलं की ती त्याच्याकडेच पाहत नाहीये.

अण्णांनी पट्टी काऊंटरवर ठेवली. हाडाची, सहा इंची, कडा झिजून पिवळी पडलेली. ती त्यांनी दादाच्या दिशेने सरकवली.

"तिचं माप घे."

"मी?"

"मी घेतलं तर एक चष्मा होईल. तू घेतलंस तर मला चार वाजता काय सांगायचं ते कळेल."

"अण्णा, तुम्हीच घ्या ना," बेबी म्हणाली.

"माझा हात आज चालत नाहीये," अण्णा म्हणाले. त्यांचा हात चांगला चालत होता. वहिनींना ते दिसत होतं, छकुलीलाही दिसत होतं, आणि दोघींनी एकमेकींकडे बघून ओठ घट्ट मिटले.

हे माप घेण्याची एक रीत आहे. दोन स्टुलं गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ. पट्टी समोरच्याच्या नाकावर आडवी धरायची. आपला उजवा डोळा मिटायचा आणि सांगायचं, माझ्या डाव्या डोळ्यात बघा. त्याच्या उजव्या बाहुलीच्या बरोबर मध्यावर शून्य आणायचं. मग आपले डोळे बदलायचे, आणि त्याच्या डाव्या बाहुलीखालचा आकडा वाचायचा. त्याने दुसरीकडे पाहिलं की माप चुकलं. आपण दुसरीकडे पाहिलं तरी चुकलं. म्हणून अण्णा म्हणायचे की या धंद्यात अनोळखी माणूस राहतच नाही.

दादा समोर बसला. इतक्या जवळून बेबीला त्याचा तो अर्धा दाढीवाला गाल दिसला, आणि कानाजवळ वाळलेला फेस. एरवी ती पोट धरून हसली असती.

"माझ्या डाव्या डोळ्यात बघ," दादा म्हणाला.

तिने पाहिलं. 

"हलू नकोस," तो म्हणाला.

"तूच हलतोयस."

पट्टी खाली आली. पुन्हा वर गेली. त्या एका उघड्या डोळ्यात तिला आईचा डोळा दिसला, तसाच तपकिरी, तसाच कडेला जरा खाली उतरलेला. चौदा महिने पोटात धरून ठेवलेलं मग तिच्या तोंडून आपोआप निघालं.

"आई गेली ते मला नातेवाइकांच्या मोठ्या ग्रुपवर कळलं, दादा."

पट्टी स्थिर राहिली.

"मी उन्हात दुर्बिणीचा स्टँड लावून उभी होते. फोन थरथरला म्हणून बघितलं. 'आई गेली. सगळ्यांनी यावे.' त्याच्याखाली माझ्या आधी बावीस जणांनी हात जोडले होते. लांबच्या लांब लोकांनी. ज्यांना आईचं नाव माहीत नसेल त्यांनी. मी तेविसावी. तुला मला एक फोन करता आला नाही?"

"केला होता," दादा म्हणाला.

"खोटं."

"पहिला तुलाच केला. कोणालाही काही लिहायच्या आधी. तू हॅलो म्हणालीस." त्याने मिटलेला डोळा उघडला आणि दुसरा मिटायला तो विसरला. "माझा आवाज फुटेना. तू परत हॅलो म्हणालीस. दोनदा. मी तोंड उघडून बसलो होतो आईच्या उशाशी. मग बंद केला. आणि लिहिलं. लिहायला आवाज लागत नाही."

बेबीला तो फोन आठवला. दादाचं नाव, आणि पलीकडे नुसता श्वास. खिशात दाबला गेला असेल म्हणून तिने तो मनातून काढून टाकला होता. किती वेळ चालला तेही नंतर तिने यादीत कधीतरी पाहिलं होतं. अकरा सेकंद.

"पलीकडे खरंच तू होतास," ती म्हणाली.

"मीच होतो."

"मला वाटलं चुकून लागला."

"नाही गं. चुकून नव्हता."

ती रडायला लागली, आणि डोळ्यांत पाणी आल्यावर माप घेता येत नाही, म्हणून दादाने पट्टी खाली ठेवली. त्याचेही डोळे वाहत होते. एका गालावरून पाणी सरळ उतरत होतं आणि दुसऱ्यावर दाढीत अडत होतं. ते बघून शेवटी बेबी हसलीच.

"अरे, तोंड तरी पूर्ण करून यायचंस."

"तुझ्या वहिनीने वेळ दिला नाही."

"आता माझ्यावर ढकला," वहिनी म्हणाल्या, आणि डोळे पुसत मागच्या खोलीत चहा ठेवायला गेल्या.

चहा झाल्यावर दादाने पुन्हा पट्टी घेतली. या वेळी त्याला सांगावं लागलं नाही. बेबी त्याच्या डाव्या डोळ्यात बघत राहिली, मग उजव्या.

"बासष्ट," तो म्हणाला.

"पुन्हा घे," अण्णा मागून म्हणाले. "दुकानाचा नियम काय?"

"माप दोनदा," दादा आणि बेबी एकदमच म्हणाले, आणि लहानपणी हे वाक्य किती वेळा ऐकून ते कंटाळले होते ते दोघांनाही आठवलं.

दुसऱ्यांदाही बासष्टच आलं.

०

चार वाजता चौकातल्या दुकानाचे साहेब आले. चांगला, हसतमुख माणूस. हातात पाटीएवढा टॅबलेट, त्यावर करारनामा, आणि खाली बोटाने सही करायची चौकट. त्यांनी आत पाहिलं तर पाच माणसं चहा पीत बसलेली.

"अण्णा, घरच्यांचा होकार आहे म्हणाला होतात," ते म्हणाले.

"होकार नव्हता," अण्णा म्हणाले. "अंगठे होते. माझी समजण्यात चूक झाली. तुमची दगदग झाली, माफ करा."

साहेब नाराज झाले, पण मनात धरून ठेवणारे नव्हते. "बघा हं. आज आहे तो भाव उद्या राहील असं नाही. आणि खरं सांगू का, लोक आता बसून माप द्यायला तयार नसतात. त्यांना वेळ नाही."

 अण्णांनी दादाकडे पाहिलं. दादा काऊंटरच्या मागे उभा होता, अण्णांच्या जागेवर.  वहिनींना वाटलं, आता मदतीला बोलावं. पण त्या बोलल्या नाहीत, आणि गप्प बसणं त्यांना किती जड गेलं असेल ते त्यांचा वर्गच सांगेल.

"साहेब," दादा म्हणाला. "बसा दोन मिनिटं."

"आता कशाला?"

"तुमचा चष्मा डाव्या कानावर चढलाय. कानामागे दुखत असेल."

साहेबांचा हात आपोआप कानामागे गेला. "महिन्याभरापासून. तुम्हाला कसं कळलं?"

"तुमच्याकडे बघून," दादा म्हणाला.

त्याने दांडी गरम केली, अंगठ्याने हलकेच वाकवली, साहेबांच्या कानावर ठेवली, काढली, पुन्हा वाकवली. मध्ये विचारलं, "इथे टोचतंय?" आणि साहेब म्हणाले, "थोडं." मग ते आपल्या मुलीच्या चष्म्याचं सांगायला लागले, मग बायकोच्या मोतीबिंदूचं. ज्या माणसाला वेळ नव्हता तो वीस मिनिटं बसला. जाताना म्हणाला, "मुलीला पाठवतो. पण आमच्या दुकानात सांगू नका."

तो गेल्यावर छकुलीला कंठ फुटला. "बाबा, आमच्या कॉलेजात अर्ध्या जणांनी आत्यासारखेच फोनवरून चष्मे मागवलेत. कोणाचा घसरतो, कोणाचा टोचतो. बाहेर पाटी लावू. 'कुठूनही घेतलेला चष्मा, इथे बसवून मिळेल.'"

"दुसऱ्याचे चष्मे आपण दुरुस्त करायचे?" अण्णा म्हणाले.

"नाक तर आपल्याच गावातलं असेल ना, आजोबा."

अण्णांनी थोडा विचार केला. मग ते उठले आणि पार्टिशनची फळी त्यांनी बोटाने वाजवून पाहिली.

"एक वर्ष," ते म्हणाले. "वर्षभर बघू. पण ही फळी आज निघाली पाहिजे. पेचकस कुठाय?"

आईची खुर्ची मधे होती. ती सरकवायला बेबी पुढे झाली तेव्हा दादाने पलीकडून हात लावला, आणि दोघांनी ती उचलून काऊंटरच्या बाहेरच्या बाजूला ठेवली, गिऱ्हाइकाने बसावं तिथे.

०

पुढच्या गुरुवारी बेबी गावाबाहेरच्या माळावर उभी होती. दोन भाऊ बांधावरून भांडत होते, लांबवर पट्टी धरून सहकारी उभा होता, आणि ती एक डोळा मिटून दुर्बिणीतून बघत होती. खिशात फोन वाजला. दादाचं नाव.

"हॅलो," ती म्हणाली.

पलीकडे नुसता श्वास.

ती दुर्बिणीपासून बाजूला झाली. पुन्हा हॅलो म्हणाली नाही. फोन कानाशी तसाच धरून ठेवला. भांडणारे भाऊ तिच्याकडे बघायला लागले, तिने हाताने त्यांना थांबा म्हणून खूण केली. श्वास चालू होता. तिने स्क्रीनकडे पाहिलं. नऊ. दहा. अकरा. बारा.

"बेबी," दादा म्हणाला. "चष्मा झाला तुझा."

 ती म्हणाली, "कुरियरने पाठव ना."

"नाही पाठवणार. कानावर बसवून बघावा लागतो."

"रविवारी येते मग."

पलीकडे पुन्हा थोडा वेळ काही नाही. तिने तेवढाही वेळ दिला.

"आज ये," दादा म्हणाला.

बेबीने स्टँड मिटला.